दोन विमानांमधलं अंतर

माझ्या थोरल्या मामांनी आयुष्यात कधी कुणाला कुणावर आदळू दिलं नाही. नागपूरच्या विमानतळावर विमानांना वाट देण्याचं काम त्यांनी उभी नोकरी केलं. दिल्लीहून मद्रासला आणि मुंबईहून कलकत्त्याला जाणाऱ्या वाटा नागपूरच्या आभाळात एकमेकींना छेदतात. मामांना ती विमानं दिसतही नसत. वैमानिक रेडिओवर आपली जागा आणि उंची सांगायचा, मामा ती कागदाच्या पट्टीवर लिहायचे आणि अशा पट्ट्या समोर लावून डोक्यात आभाळ मांडायचे. मग एकाला वर पाठवायचं, एकाला खाली, एकाला जरा थांबवायचं. निवृत्त होऊन ते पांढुर्ण्याला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले तेव्हा आभाळ नागपुरातच राहिलं. सवय मात्र सोबत आली.

ते एकटे होते, जेवायला आमच्याकडे असत. आई गरम डाळीने भरलेला गंज घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि मी पाण्याचे पेले घेऊन समोरून आले, की मामांचा तळहात वर व्हायचा. "थांब बाई. पहिले वरणाले उतरू दे." मी उंबऱ्याबाहेर थांबायची. वरण उतरायचं. मग मला परवानगी मिळायची. न पटणारे दोन पाहुणे एकाच दिवशी आले, तर एकाला ते ओसरीवर बसवत आणि दुसऱ्याला भर उन्हात गच्चीवर नेत. "रस्ता एक असला तर उंची वेगळी पाहिजे," असं त्यांचं शास्त्र होतं. गच्चीवरचा पाहुणा घामाघूम व्हायचा, पण भांडण व्हायचं नाही.

सांगितलेलं समोरच्याने परत म्हणून दाखवलंच पाहिजे, हा त्यांचा आणखी एक नियम. त्याशिवाय ते ऐकलं असं मामा धरत नसत. बाजारात ते भाजीवालीला म्हणायचे, "एक किलो वांगे, बिनकिडीचे. काय समजली, सांग." ती एकदा वैतागून म्हणाली, "बाबूजी, वांगे घेऊन राहिले का माही परीक्षा?" तरी तिने म्हणून दाखवलं, तेव्हाच मामांनी पिशवी उघडली.

मी नागपूरच्या हॉस्टेलात इंग्रजी शाळा शिकलेली, घरी आले तरी चार माणसांत तोंड न उघडणारी. नातेवाईक मला घमेंडी म्हणत. मामा म्हणत, "ही रेडिओवर चांगली चालली असती. कामापुरतं बोलते." म्हणून असेल, धाकट्या मामांना निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं.

धाकटे मामा सौसरला शिक्षक होते. आजी गेली तेव्हा थोरले मामा ड्यूटीवर होते. त्यांच्या जागी बसायला येणारा माणूस वेळेवर आला नाही आणि आभाळ सोडून उठता येत नाही. ते सौसरला पोहोचले तेव्हा चिता विझत आली होती. धाकटे मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तुले विमानं सांभाळता आली, माय नाही." तेव्हापासून दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. घरच्या प्रत्येक कार्यात एकजण सकाळी येऊन जाई, दुसरा जेवणानंतर. कोण कधी येणार हे मी दोन्हीकडे कळवत असे. दोघं कधी समोरासमोर आले नाहीत. मामांच्या हिशेबी हे अंतर सुरक्षित होतं.

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा मामांकडे काहीतरी मागितलं. "मामाजी, मला दोघंही पाहिजे. एकाच वेळी."

"दोघंही पाहिजे. एकाच वेळी," त्यांनी म्हणून दाखवलं.

हाच निरोप मी सौसरलाही दिला. त्या दिवशी बुद्धविहाराच्या अंगणात मी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही रिकाम्या राहिल्या. संध्याकाळी मी मामांकडे गेले. ते इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर बसले होते.

"मी असलो तर तो न जेवताच उठून जाईन," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं त्यालेच जाऊ द्या. आला होता न?"

"नाही आले."

मामांनी सदऱ्याची बटणं हळूहळू काढली. "अजून राग आहे त्याले," एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने विमानांचं एक इंग्रजी मासिक पाठवलं. दोन विमानं फार जवळ आली की ओरडून सांगणारं एक यंत्र परदेशात तयार होत होतं. मामांना ते फार आवडलं. "वर जा, खाली जा, हे तर कोणीही सांगन. पण हे यंत्र पहिले दुसऱ्या विमानातल्या यंत्राशी बोलते. मी वर जाऊन राहिलो, तू खाली जा. न बोलता दोघंही वर गेले तर असं बाजूला होण्याचा काय फायदा?"

माझ्या लग्नाआधीच धाकटे मामा शाळेत फळ्यासमोर कोसळले आणि गेले. आम्ही सौसरला पोहोचलो. या वेळी थोरल्या मामांसाठी सगळे थांबले होते. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलायची धाकट्या मामींची रीत नव्हती, म्हणून त्या माझ्याकडे पाहून बोलल्या. "तुह्या साक्षगंधाले हे नवा सदरा घालून बसले होते. मी म्हटलं, चला न. तर म्हणे, दादा येईन, त्याचा मान पहिला. मी गेलो तर तो दारातूनच परत जाईन. मी कायले मध्ये येऊ?"

मामांनी ऐकलं. ते भावाजवळ गेले, अगदी जवळ, आणि खाली बसले. परत म्हणून दाखवावं तसं, हळू म्हणाले, "दादाचा मान पहिला."

लग्नानंतर मी पांढुर्ण्याला येते तेव्हा मामा आमच्याकडेच असतात. ते आता कुणाला थांबवत नाहीत. मागच्या खेपेला मी चहा घेऊन निघाले आणि ते समोरून आले. मी डावीकडे सरले, तेही त्याच बाजूला सरले. दोघंही उंबऱ्याशी थांबलो.

"बोल बाई," मामा म्हणाले. "तू बोलल्याशिवाय मी हलत नाही."

"मी येऊन राहिली, मामाजी," मी म्हणाले. "तुमच्याकडेच."

"माझ्याकडेच," ते म्हणाले, आणि माझ्या हातून कप घेतला.