टफनेलने लिहिलेल्या दोन नकला

पडदा वर जाऊ द्या. लंडनमधली वकिलांची गल्ली, १७८३चा नोव्हेंबर. भर सकाळी मेणबत्त्या पेटलेल्या, काचेला धुकं चिकटलेलं. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर डोळा ठेवून उभा असलेला माझा मित्र ओबादाया टफनेल.

तीस वर्षं तो आमच्या नाटकमंडळीचा प्रॉम्प्टर होता. मी राजा व्हायचो आणि वाक्यं विसरायचो. माझं राज्य विंगेतून तोच चालवायचा. म्हातारपणी मंडळीने त्याला नारळ दिला. हॅलवर्ड वकील माझे जुने चाहते, म्हणून मी शब्द टाकला. आठवडाभर कागद नीट उतरवले तर त्यांच्या कचेरीतली ती नकलनविसाची खुर्ची कायमची त्याची, नाहीतर कंगालांच्या आश्रमाची वाट.

काम मोठं आलं. हिंदुस्थानातल्या कंपनीला सरकार नव्या कायद्याने वेसण घालणार होतं. कंपनीतर्फे दोन वकील पार्लमेंटपुढे विरोध करणार होते. त्यांच्यासाठी मसुद्याच्या दोन प्रती हव्या होत्या. मसुद्यात एक परिच्छेद ‘सरकार म्हणेल’, त्याखाली ‘आपण म्हणू’.

टफनेलने नाटकात जन्मभर केलं तेच केलं. प्रत्येक नटाच्या कागदावर फक्त त्याचीच वाक्यं. थोरल्या वकिलांच्या नकलेत सगळं ‘आपण’, धाकट्याच्या नकलेत सगळं ‘सरकार’.

सकाळी तालीम सुरू झाली. थोरले गरजले, “सनद ही आमची मालमत्ता! राजाने मोबदला घेऊन दिलेली. आज ती मोडाल, तर उद्या कुणाचं घर सुरक्षित आहे?”

धाकटा कागदात बघून म्हणाला, “सनद व्यापाराची होती, राज्य करायची नव्हे. लाखो माणसं कुणाची मालमत्ता असतात का?”

थोरले चपापले. “अरे, तू कुणाच्या बाजूचा?”

“मला काय माहीत? लिहिलंय ते वाचतोय.”

“मग याला माझं उत्तर कुठाय?” थोरल्यांनी कागद उलटासुलटा केला.

बोलणारा अडला की टफनेलला कधीच राहवत नसे. त्याने मूळ मसुदा नाकापाशी धरला. “इथे काहीच नाही, साहेब. जागा कोरी आहे.”

“टफनेल!” हॅलवर्ड ओरडले. “दोघंही आपलेच आहेत, मूर्खा!”

“दोघंही?” टफनेल माझ्याकडे बघू लागला. मीही गोंधळलो होतो. धाकट्याचं बोलणं मला पटत चाललं होतं, आणि थोरल्यांचा आवाज मात्र काय सुंदर!

हॅलवर्डनी कपाळ पुसलं. “हे बघ, दोघांनाही ‘आपण’ लिहून दे. सरकारचं सगळं गाळ. दुपारपर्यंत झालं तर बस त्या खुर्चीत, कायमचा.”

टफनेल बसला. माझ्याकडे बघून हसलाही. तासभर लेखणी कुरकुरली, मग थांबली. त्याने मान वर केली.

“साहेब, गाळलं सगळं. पण आता आपला माणूस मध्येमध्ये थांबून उत्तरं देतो, ती कुणाला?”