मालकाच्या रकान्यात महादेव

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. मी तेव्हा लातुरातल्या एका संस्थेत कारकून होते. जनावरांच्या चाऱ्यासाठी आम्ही गावोगावचे अर्ज मागवले होते. चारा कमी, गावं लई. म्हणून एका गावाला एकच अर्ज, तोही एकाच जनावराचा. निम्म्या अर्जांवर जुन्याच जिल्ह्याचं नाव असायचं. ते मी चालवून घ्यायची, पण मालकाची सही नसली की अर्ज परत! माझ्या लाल पेन्सिलीला सगळे टरकून असायचे, आणि मला त्याची भारी ऐट.

देवणीकडच्या एका खेड्याचा अर्ज आला. जनावर, देवणी वळू. मालक, गावच्या देवळातला महादेव. सहीची जागा कोरी. माझं डोकंच फिरलं. अर्ज आहे का चेष्टा? 'मालकाची सही नाही' असं ठळक लिहिलं आणि दिला परत पाठवून.

आठ दिवसांनी तोच कागद घेऊन त्या गावचे एक किराणा दुकानदार एसटीने आले. वयस्कर माणूस, कपाळावर विभूती, धोतर धुळीने माखलेलं.

"बाई, देवाची सही कुठून आणू?"

वळू गावाने देवाला सोडलेला होता. तो कुणाच्याच दावणीला नव्हता. दारोदार फिरून खायचा, आणि गावच्या सगळ्या गाई त्याच्यावरच गाभण राहायच्या. आता रानात काडी उरली नव्हती.

"मग तुमचंच नाव टाका ना! एक सही, मिटला विषय."

त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "शिव शिव! देवाचं जनावर माझं म्हणून लिहू? सरपंच तयार न्हाई, पुजारी बी न्हाई. उद्या आमची पोरं वळूवर हक्क सांगतील."

"अहो, पण मरेल की तो!"

"म्हणून तर आलो बाई," ते म्हणाले, आणि कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी 'मालक' शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'सांभाळणारे'. त्यांनी समोर 'सगळं गाव' असं लिहिलं आणि खाली सही केली. साहेब कुरकुरले, पण अर्ज मंजूर झाला.

चारा बरोबर पोचतो का ते बघायला मी ट्रकसोबत गेले. वळू देवळापुढे उभा होता, शेजारी ते दुकानदार. वाळला होता, पण उभा होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"इतके दिवस जगवला कसा?"

"घरटी जमेल तशी पेंढी दिली लोकांनी."

चहाला त्यांनी घरी नेलं. अंगणात त्यांची गाय बसली होती. बरगड्या वर आलेल्या, मान जमिनीला टेकलेली. आम्हाला बघून तिने उठायची धडपड केली, पण उठता येईना.

"अहो, अर्ज एकच होता, तर हिचा का नाही केलात? इथं तर तुमची सही चालली असती."

ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "हिला आम्ही हाव की बाई. त्याला कोण हाय?"

मी अर्ज परत धाडला, त्या आठ दिवसांत या घरून वळूला गेलेल्या पेंढ्या हिच्याच तोंडच्या होत्या. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. मला त्या गाईकडे बघवेना.