रेशमाच्या शेडातलं माझं निदान

ऐका, पण आधीच सांगते, हसू आलं तर दाबू नका. माझ्या बहिणीच्या गावात लोक अजून हसून राहिले आहेत, तुम्ही कशाला मागे राहता?

मी आयुष्यभर अमरावतीला दवाखान्यात नर्स होते. पेशंटचा चेहरा पाहूनच ताप किती आहे ते सांगायची मी. नवे डॉक्टर हळूच मला विचारायचे, ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’ आता एवढ्या अनुभवाच्या बाईनं रिटायर झाल्यावर एक निदान केलं, आणि त्या एका निदानापायी अख्खं गाव गळा काढून रडलं. करा कल्पना.

झालं असं, की रिटायर झाले आणि घर खायला उठलं. हे जाऊन बराच काळ झाला, मुलगा नोकरीला हैदराबादला. सकाळी उठायचं, पण कोणासाठी? माझी धाकटी बहीण नलू, तिचं सासर चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यात. तिनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, ‘‘ताई, तिथं भिंतीशी बोलत बसू नको. इथं ये. माह्याजवळ हजारोंनी अळ्या हायेत, त्यायच्याशी बोल.’’

नलू आणि तिचा नवरा प्रकाश रेशमाचे किडे पाळतात. शेतात तुती लावलेली, घरामागे शेड, शेडात मोठमोठे रॅक, रॅकवर तुतीचा पाला आणि पाल्यावर पांढऱ्या अळ्या. त्या खाताना असा बारीक करकर आवाज येतो, की वाटावं कोणीतरी सुपात तांदूळ पाखडून राहिलं आहे. पहिल्या दिवशी मला शिसारी आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांना ‘बाळा’ म्हणायला लागले.

नलूनं मला नियम सांगितले. ‘‘ताई, शेडात पावडर लावून यायचं नाही. अगरबत्ती नाही, मच्छरची कॉइल नाही. कोणी तंबाखू मळली असंल तर त्याचा हात पाल्याले लागू द्यायचा नाही. बाजूच्या वावरात फवारा मारला, का त्या धुऱ्याकडचा, बांधाजवळचा पाला तोडायचा नाही. अळीचं अंग लय नाजूक असते. आपल्याले पत्ता लागत नाही, तिच्या अंगात जाते.’’

म्हटलं, हा तर आपला आयसीयू आहे. हे आपल्याला येतं. मग काय, मी कामाला लागले. हात साबणानं धुवायचे, पाला निवडायचा, जून पानं बाजूला, कोवळी कोवळी माझ्या बाळांना. नलू म्हणायची, ‘‘एवढे लाड नको करू.’’ पण मी ऐकते काय? बऱ्याच दिवसांनी कोणाला तरी माझ्या हातची भूक लागली होती.

अशात नलूच्या सासूच्या माहेरचं लग्न निघालं, अचलपूरला. शेड सोडून जायचं कसं, म्हणून नलू जायला तयार नव्हती. मीच म्हटलं, ‘‘तुम्ही सगळे बिनधास्त जा. मी सांभाळते.’’ तर नलू, प्रकाश, त्यांची मुलगी पिंकी आणि सासू कमलाबाई, असे सगळे सकाळीच जीप करून गेले.

ते गेले आणि माझा गुडघा धरला. अंगणात बसून मी गुडघ्याला बाम लावला. शेडाच्या बाहेर हं. हातही धुतले. आणि जाऊन पाला टाकला.

दुपारी पुन्हा पाला टाकायला गेले, तर शेडात आवाजच नाही. सकाळचा पाला निम्मा तसाच पडलेला. अळ्या जागच्या जागी थिजलेल्या, माना वर करून, जशा काही आभाळाकडे बघत आहेत. एकीला बोटानं हात लावला. हलली नाही. दुसरीला लावला. नाही. अंग ताणलेलं, चकचकीत. सगळ्या रॅकवर तेच.

बाम! हात धुतले होते, पण बाम कुठं एका धुण्यानं जातो? मीच मारलं यांना.

पण नर्स आहे ना मी. हात टेकून कशी बसणार? घरात पळाले, मीठ-साखरेचं पाणी केलं आणि एका रॅकवर शिंपडत सुटले. वाटलं, गुण आला तर बाकीच्यांना देऊ. कसला गुण? त्या तशाच, माना वर करून. मग माझा धीर सुटला. शेडाच्या दाराशी बसले आणि पदर तोंडाला लावून रडायला लागले. बहिणीनं विश्वासानं घर सोपवलं आणि मी हे केलं.

तेवढ्यात शेजारचे बाबाराव आले. भला माणूस, पण अर्धं ऐकून पूर्ण सांगणारा.

‘‘काय झालं सिस्टरबाई? काहून रडून राहिल्या?’’

‘‘सगळे गेले हो भाऊ.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळे. लहान-मोठं कोणी उरलं नाही.’’

बाबाराव मटकन खाली बसले. ‘‘सकायी तं चांगले होते ना जी.’’

‘‘सकाळी चांगले खाऊन-पिऊन होते. दुपारी बघते, तर संपलेलं.’’

‘‘पण झालं कसं?’’

‘‘माझ्यामुळं झालं. मीच म्हटलं ना, तुम्ही जा, मी सांभाळते.’’

आता तुम्हीच सांगा, यात मी खोटं काय बोलले? पण त्या माणसाच्या डोक्यात अळ्या कुठं? त्याच्या डोळ्यांपुढे सकाळची जीप. त्यानं प्रकाशला फोन लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. नलूला लावला, तेच. तिकडे अचलपुरात बँड वाजत होता, कोणाला रिंग ऐकू येणार? बाबाराव डोळे पुसत उठले आणि गावात गेले.

थोड्या वेळानं बाया यायला लागल्या. माणसं आली. अंगण भरलं. बाबारावांची बायको शांताबाई माझ्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली, ‘‘सोन्यासारखे होते वो बाई, सोन्यासारखे.’’ आणि खरं सांगते, माझा ऊर भरून आला. काय गाव आहे! आमच्या अमरावतीत शेजारी माणूस गेला तर दुसऱ्या दिवशी कळतं, आणि इथं अळ्यांसाठी लोक धाय मोकलून रडून राहिले.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘‘आणाले कोण गेलं?’’

‘‘आणायचे कुठून बाबा? इथंच आहेत सगळे. शेडात.’’

सगळे शेडाच्या दाराकडे बघायला लागले.

‘‘पाहायचं असेल तर पाहून घ्या,’’ मी म्हटलं, ‘‘फक्त हात लावू नका. विष आहे.’’

शांताबाई माझ्या गळ्यातून अलगद सुटली. बाबारावांनी तिला हाताला धरून मागे घेतलं. माझ्याभोवती हळूहळू जागा मोकळी झाली. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, ‘‘पोलीस पाटलाले बलवा बावा.’’ मला वाटलं, नुकसानीचा पंचनामा करायचा असेल. मी म्हटलं, ‘‘बोलवा. मी सगळं कबूल करते.’’ पाटील बाहेरगावी गेलेले, आणि ते येईपर्यंत शेडात डोकवायला कोणी धजेना.

इकडे हे, आणि तिकडे अचलपूरला नलूनं फोन पाहिला. गावातल्या निम्म्या लोकांचे मिस्ड कॉल. तिनं मला लावला, माझा फोन घरात चार्जिंगला. मग तिनं बाबारावांना लावला. त्यांनी उचलला. ‘‘मी नलू बोलतो,’’ एवढं ऐकलं, आणि पठ्ठ्यानं फोन बंद करून खिशात घातला. कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मेलेल्या बाईचा फोन आला?

झालं. नलूची खात्री पटली की ताईचं काही बरंवाईट झालं. अक्षता पडल्या न पडल्या, पंगतीला न बसता सगळे जीपमध्ये बसले. म्हणजे इकडे गाव त्यांच्यासाठी रडत होतं आणि ते जीपमध्ये माझ्यासाठी.

उन्हं उतरता उतरता जीप अंगणात आली. आधी नलू उतरली. दोन बाया किंचाळल्या, एक जण तुळशीमागे लपली. नलूनं कोणाकडे पाहिलं नाही. ती धावत आली आणि तिनं मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा पडला.

‘‘ताई, तू हायेस?’’

‘‘मी आहे गं, पण ते सगळे गेले. मी बाम लावला होता.’’

ती आत गेली. मी मागे. तिनं एका रॅकवर वाकून पाहिलं, मग दुसऱ्या. मग माझ्याकडे वळली. ओठ दाबून धरलेले.

‘‘ताई, हे झोपले हायेत.’’

‘‘झोपले?’’

‘‘कात टाकाले बसले. कात टाकाच्या आधी अळी खाणं सोडते, मान वर करते आन् दिवसभर हालत नाही. विष लागलं असतं तं माना झटकल्या असत्या, हिरवं पाणी ओकल्या असत्या. म्या म्हटलं उद्या बसतीन, म्हणून तुले सांगतलं नाही. तू कोवळा पाला चारू चारू एक दिवस आधीच बसवल्या.’’

बाहेर प्रकाश लोकांना स्वतःला हात लावून बघू देत होता. बाबारावांनी दोनदा लावून पाहिला.

मीठ-साखरेच्या पाण्यानं मात्र खरं नुकसान झालं. या झोपेत अळीला कोरडं अंथरूण लागतं. मी तो रॅक ओला करून ठेवला होता. प्रकाशनं त्यावर चुना भुरभुरून ओल ओढून घेतली. तरी त्यातल्या काही उठल्याच नाहीत, काही मागे पडल्या. बाकीच्या दुसऱ्या दिवशी कात टाकून उठल्या आणि पुन्हा करकर सुरू झाली. पुढे त्यांनी कोष केले, चांगले पांढरेशुभ्र. मागे पडलेल्या नलूनं वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या चारल्या. त्या रॅकबद्दल ती मला एका शब्दानं बोलली नाही. मीच विषय काढला, तर म्हणाली, ‘‘तू लहानपणी मले गोवरात रात्र रात्र पाणी पाजत बसायची. तशीच त्यायले पाजत होती. जाऊ दे.’’

अशी बहीण मिळायला काय पुण्य लागतं, मला माहीत नाही.

आणि ते गाव! मरणाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शांताबाईनं आणि आणखी दोघी-तिघींनी खरं-खोटं कळायच्या आतच पिठलं आणि ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या. आता ते टोपलं घेऊन त्या ओशाळून दाराशी उभ्या. आणावं की न्यावं?

कमलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘आणा इकडं. तिकडं पंगत सोडून आलो, पोटात कावळे ओरडून राहिले.’’

तर मेलेले लोक स्वतःच्या मरणाच्या भाकरी खायला बसले, आणि रडायला आलेले लोक त्यांना वाढायला लागले. प्रकाशनं पिठलं दोनदा मागून घेतलं. मी कोपऱ्यात बसले होते, तर शांताबाईनं माझ्याही पुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘खा बाई. सकायपासून तुमच्याबी पोटात काही नसंल.’’ खरंच नव्हतं. मघाशी जिनं माझ्यापासून चार हात लांब जाऊन पोलीस पाटलाची वाट पाहिली, तीच मला आग्रह करून वाढत होती. माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण या वेळी कोणी कारण विचारलं नाही.

कमलाबाई बराच वेळ माझ्याकडे बघत घास चावत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘सिस्टरबाई, एक इचारू? राग नका मानू.’’

‘‘विचारा ना मावशी.’’

‘‘दवाखान्यात माणूस मेला का झोपला, हे तुमीच पायत होत्या काय?’’

‘‘नाही मावशी. ते डॉक्टर बघायचे.’’

‘‘वाचले बिचारे,’’ त्या म्हणाल्या आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.