मीटरकडची तार

बारीक तार दिसली की आमचा मिस्त्री मेन बंद करायचा, ती भिंतीतून खसकन उपटायचा आणि रस्त्यावर भिरकावायचा. "ही तार हाय का चड्डीची नाडी?" सोलापुरातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, प्रत्येकाच्या घरातली एक तरी तार अशी गेलेली असेल. शिव्या खाऊनही लोक त्यालाच बोलवायचे.

माझा शेंगाचटणीचा छोटा कारखाना होता. जुनी पण दणकट थ्री फेजची मोटर मिळाली. वीज मात्र सिंगल फेजची. म्हणून मधे कन्व्हर्टर बसवायचं ठरलं. मिस्त्रीनं मोटरच्या पाटीवरचा आकडा वाचला, खडूनं भिंतीवर गणित मांडलं. मोटरकडच्या तीन तारा माझ्याकडच्या बंडलातून जोडल्या. मीटरपासून कन्व्हर्टरपर्यंत मात्र दुसरी, जाड तार मागितली.

"तिकडं तीन, इकडं दोनच. मग या दोन जाड कशाला?"

"तिकडं तिघी वज्झं वाहत्यात, मालक. इकडं दोघींनीच समदं आणायचं. पावणेदोनपट करंट हाय हितं. वर कन्व्हर्टर सोता खातो ते येगळं."

"मग उरलेल्या बंडलाचं काय करू?"

"घाला की गळ्यात. मी न्हाय जोडणार." आणि मीटरकडची बाजू मोकळी सोडून तो खरंच निघून गेला.

ती मी जोडली. त्याच बंडलातून, माझ्या हातानं. फ्यूज सारखा उडायला लागला, तेव्हा फ्यूजमध्येच जाड तार घातली. गल्लीत हे आजवर कुणालाही माहीत नाही, म्हणून लिहितो आहे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती तार पेटली. खाली शेंगांची पोती. चटणी भरणाऱ्या बायका किंचाळत बाहेर पळाल्या. एकीचा पदर पेटलेला. समोरच्या चहाच्या गाड्यावरून मिस्त्रीच सगळ्यांत आधी धावला. मेन पाडला, तिला ओल्या पोत्यात गुंडाळलं. कोपरापर्यंत तिचा हात सोलला होता.

"कुणाचं काम हाय हे?" गर्दी माझ्यावर ओरडली.

मी मिस्त्रीकडे बोट दाखवलं. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच लोखंडी बत्ता उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग गल्ली तुटून पडली. ज्यांच्या घरी त्यानं दिवे लावले, त्यांच्याच लाथा. रक्तानं भरलेल्या तोंडानं तो एवढंच म्हणाला, "मालक, सांगा की."

मी दुसरा घाव घातला.

त्याच्या उजव्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. गल्लीनं त्याला परत काम दिलं नाही. काही वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो. डाव्या हातानं त्यानं चहा पुढे केला. मी पाय धरायला वाकलो तसा खेकसला, "मला काय सांगताय? मला ठावं हाय की. गल्लीला सांगा."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तो गेला. जनाज्याला अख्खी गल्ली होती. कबरस्तानाबाहेर शेजारचे एक म्हातारे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "माणूस लई चांगला हो. पर ती तार तेवढी चुकली त्याची."

"व्हय," मी म्हणालो.