म्हैस, ट्यूबलाइट आणि माझे वाचन

ही हकिकत मी सांगू नये, असे आमच्या घरच्यांचे मत आहे. पण अवघ्या वालूर गावाला ती ठाऊक असल्यामुळे, निदान शुद्ध भाषेत तरी सांगितली जावी म्हणून मीच सांगतो. चहा घ्या.

माझ्या शेताशेजारच्या सोपानची म्हैस एकाएकी पाणी पिईना. आमच्या बांधालगतच्या त्याच्या टाकीला नाक लावी आणि दचकून मागे सरे. पाणी नाही म्हणून दूधही आटले.

"आबा, उद्या सेलूच्या बाजारात इकून टाकतो," सोपान म्हणाला. "बाहेरचं झालंय म्हनायलेत लोक."

त्याच्या आईचे डोळे भरून आले.

"थांब," मी म्हणालो. "वर पाहा."

टाकीच्या वरून उच्चदाबाच्या तारा जातात. कमी वारंवारितेच्या विद्युत्क्षेत्रात जनावरांचे केस थरथरतात, असे मी नुकतेच वाचले होते. म्हशीला ते जाणवत असेल का? मला राहवेना. तिन्हीसांजेला ट्यूबलाइट घेऊन मी त्या तारांखाली उभा राहिलो, आणि कोठेही न जोडलेली ती नळी मंद उजळली. सांगा, याउपर कोणता पुरावा हवा?

"मंग मानसाला कसं काय होत न्हाई?" सोपानने विचारले.

"माणसाला ते कळत नाही. हे बघ."

शास्त्रशुद्धतेसाठी वहाणा काढून, म्हशीप्रमाणेच अनवाणी, मी ओल्या मातीत उभा राहिलो आणि टाकीत हात बुडविला.

पुढचे मला सोपानच्या आईकडून कळले. मी ओरडलो म्हशीसारखाच, पण मागे सरलो म्हणे तिच्यापेक्षा लांब.

सोपान टाकीमागे वाकला. "आबा, ही तार कुनाची हाय?"

माझी. रानडुकरांसाठी मी बांधावर, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे झटका मशीन बसविले आहे. त्याची वाऱ्याने सुटलेली तार, विटांवर ठेवलेल्या त्या लोखंडी टाकीला टेकली होती.

"पर मशीन तर रातच्याला लावत्यात की."

"दिवसा वानरे येतात," मी म्हणालो.

"आन् ती वरची तार?"

"ती निर्दोष असावी."

मशीन बंद करून तार काढली. म्हैस पुढे आली, मला पाहून थबकली.

"आबा, तुमी जरा तिकडं सरका बरं."

मी सरकलो. ती घटाघटा पाणी प्यायली आणि बाजाराचा बेत तेथेच रद्द झाला.

विद्युत्क्षेत्राचा म्हशीवर नेमका काय परिणाम होतो, हे मी अजूनही उत्सुकतेने वाचतो आहे. माझा काय होतो, ते मात्र सिद्ध झाले आहे: मी बांधावर दिसलो, की ती आजही टाकीपासून मागे सरते.