मायरमावशीकडे जायचंय

आमच्या वृद्धाश्रमात फरशी पुसणाऱ्या रोसविथा कालिनोव्स्कीला मी पहिले दोन महिने साधी ओळखसुद्धा दाखवली नाही. मी शिकलेली परिचारिका आणि ती बादलीवाली, असला माज होता तेव्हा. खोटं कशाला बोलू? त्यात मी दक्षिण जर्मनीतली, बव्हेरियातल्या डोंगराळ खेड्यातली, आणि आमचा आश्रम पार दुसऱ्या टोकाला हेर्नेत, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखात. इथल्या लोकांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. पण कबूल कोण करतंय!

रोसविथाने त्याआधी सव्वीस वर्षं स्टेशनवरचे संडास सांभाळले होते. पांढराशुभ्र कोट घालून दाराशी बसायची, खिडकीत फुलांची कुंडी ठेवायची. "संडास झाला म्हणून काय झालं? माणूस तिथं घटकाभर एकटा बसतो. जागा बरी नको?" असं तिचं म्हणणं. आलेल्याच्या तोंडचा शब्द ऐकला की तिला माणूस कळायचा. लढाई बघितलेले म्हातारे शिपाई 'डॉनरबाल्केन' कुठाय विचारायचे, म्हणजे गडगडाटाचं लाकूड. खड्ड्यावर आडवा ओंडका टाकून ओळीने बसायची सवय ना त्यांना! शाळामास्तर म्हणायचे 'लोकुस', म्हणजे लॅटिनमध्ये नुसती 'जागा'. लाजऱ्या बायका 'शांत कोपरा' विचारायच्या, तोही कानात. आणि एक ढेरपोट्या व्यापारी रोज आरोळी ठोकायचा, "जिथं कैसर बादशहालाही पायी जावं लागतं, तिथं निघालोय!"

"काम सगळ्यांचं एकच," ती मला पुढे एकदा म्हणाली, "पण नाव घ्यायची वेळ आली की बघ कसे कवी होतात मेले!" आमच्या गावाकडे 'हॉयस्ल' म्हणतात, म्हणजे घरकुल, असं मी सांगितलं तर पोट धरून हसली. "तुम्हा डोंगरवाल्यांना तेवढ्यासाठीही घर लागतं होय!"

पण ही मैत्री नंतरची. ती झाली ओस्टरमानबाईंमुळे.

ओस्टरमानबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, जन्मभर शिवणकाम केलेल्या. खुब्याचं हाड मोडलं म्हणून आमच्या मजल्यावर आल्या. चाकाच्या खुर्चीतसुद्धा ताठ बसायच्या, कॉलरला टाचणी लावलेली. दुसऱ्याच दिवशी मला हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मला मायरमावशीकडे जायचंय."

मी त्यांचा हात थोपटला. "मावशी उद्या येईल हं."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. तासाभराने खुर्ची ओली. हे रोजचंच झालं. रोज मावशी, रोज माझी समजूत, रोज ओली खुर्ची. मी शहाणीने वहीत लिहिलं: 'भ्रम झाला आहे. मेलेल्या मावशीला शोधतात. लघवीवर ताबा नाही.' सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी ठरवलं, गुरुवारी वरच्या कुलूपबंद मजल्यावर हलवायचं आणि कायमचं डायपर लावायचं. मी बाईंना ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "एवढं नका ना करू," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, पण करणार काय, असं म्हणून मी कामाला लागले.

बुधवारी आमच्या मजल्यावरची सफाईवाली आजारी पडली, म्हणून खालची रोसविथा वर आली. खोलीत फरशी पुसत होती. ओस्टरमानबाई मला म्हणाल्या, "मायरमावशीकडे..." आणि माझं सुरू झालं, "मावशी ना, उद्या नक्की..."

रोसविथाच्या हातातला दांडा खाडकन खाली पडला.

"अगं ए शहाणे! कसलं उद्या? बाईंना संडासला लागलीय!"

"पण मावशी..."

"मावशी दाराआडच आहे, पांढऱ्या फरशीची! इथल्या चांगल्या घरातल्या बायका चारचौघांत असंच म्हणतात. गल्लोगल्ली एक मायर आडनावाची असतेच, कुणाला संशय येत नाही. धर तो हात, बघतेस काय!"

आम्ही दोघींनी बाईंना उचलून आत बसवलं. रोसविथाने बेसिनचा नळ मोठा सोडला, बाहेर आवाज जायला नको म्हणून, आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. दाराला पाठ लावून उभी राहिली, सव्वीस वर्षं राहिली असेल तशी. "घाई नाही हो बाई, सावकाश," म्हणाली.

मी तशीच डॉक्टरांकडे धावले. वहीतलं माझंच अक्षर माझ्याच हाताने खोडलं. गुरुवारचं हलवणं रद्द झालं.

परत आले तर बाई कोरड्या कपड्यांत बसल्या होत्या आणि रोसविथा त्यांचे केस विंचरत होती. मी पायाशी बसले. "चुकलं हो माझं. सहा आठवडे! तुम्ही सरळ बोलला का नाहीत? माझी तक्रार तरी करायचीत!"

बाई ओशाळल्यासारख्या हसल्या.

"पोरी, मला वाटलं तुझ्याच डोक्यावर थोडा परिणाम झालाय. रोज आपली त्या मावशीची वाट बघतेस. बोलले असते तर नोकरी गेली असती तुझी. माझं काय, कपडे धुऊन निघतात."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

"बास आता," रोसविथा नाक ओढत म्हणाली, "फरशी आत्ताच पुसलीय मी."