ओढलं की थांबतंय

नांदेडजवळ भोकर रस्त्यावर एक लग्नाचं लॉन आहे, तिथली हिरवळ राखायचं काम माझ्याकडे. यंदा मालकानं गवत कापायची, वर बसून चालवायची गाडी आणली. तिला स्टिअरिंगच न्हाई! मांड्यांच्या दोन्ही अंगाला दोन दांडे, एकेक दांडा मागच्या एकेका चाकाचा. दोन्ही सारखे पुढं ढकलले की गाडी सरळ. डावा जास्त ढकलला की डावं चाक जास्त पळतं अन् गाडी उजवीकडे वळते. दोन्ही मधल्या जागी आणले की थांबते. त्याच्याही मागं ओढले की मात्र चालली उलटी.

त्या दिवशी माझा जीव आधीच टांगणीला लागला होता. दांडे सारखे धरूनही गाडी उजवीकडे सरकत होती, अन् लॉनच्या कडेला विहीर. तिचा कठडा पावसात पडलेला. मालकाला सांगून सांगून तोंड दुखलं, तर त्यानं नुसती हिरवी जाळी बांधून दिली. म्हणलं, ही गाडी, ही बया एक दिवस मला विहिरीत घेऊन जाणार.

गाडी बंद करून आधी दोन्ही चाकांची हवा बघितली. सारखीच होती. मग डाव्या दांड्याच्या पुढं त्याला अडवणारा बोल्ट असतो, तो थोडा फिरवला, म्हणजे डावं चाक जरा कमी पळेल. चालवून बघितली, पुन्हा फिरवला. तेव्हा कुठं सरळ चालली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कवाचे बघून राहिले होते. देवणीकडं जन्मभर बैलं हाकली. जोडी विकल्यापासून माझ्याकडेच, लॉनमागच्या खोलीत असतात, गप्प गप्प.

"माय, मला बी बसू दे की."

"न्हाई."

"अगं, हे तर कासऱ्यावानीच हाय. उजवा ओढला की उजवीकडं."

खरंच तसंच होतं. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं त्यांनी, मला नाही म्हणवेना. पाती बंद केली, विहिरीकडं पाठ करून गाडी उभी केली अन् त्यांना बसवलं. काय सरळ नेली! मी बाजूनं चालत होते. आप्पा चक्क हसत होते.

तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं.

"हो! हो!" म्हणत आप्पांनी दोन्ही दांडे छातीकडं ओढले, बैलं थांबवायला ओढतात तसे. गाडी उलटी निघाली, थेट विहिरीकडं.

थांबत न्हाई म्हणून ते अजून जोरात ओढायला लागले. "आप्पा, सोडा! हात सोडा!" मी किंचाळत धावले. चावी त्यांच्या पलीकडं, माझा हात पोचेना. मागं जाळी दिसत होती. माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत चालले होते, अन् मीच बसवलं होतं त्यांना.

मी त्यांच्या बोटांवर जोरात चापट मारली. मूठ सुटली. दांडे आपोआप मधे आले अन् गाडी थांबली. मागचं चाक जाळीला टेकलं होतं.

"सोडा म्हणलं की सोडत का न्हाई तुम्ही?" मी रडत ओरडले.

"सोडलं की जनावर उधळतंय, माय," ते पुटपुटले. "ओढलं की थांबतंय."

खाली उतरवताना त्यांनी माझं मनगट धरलं, ते खोलीपर्यंत तसंच गच्च. हात दुखत होता. पण सोडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.